उष्णकटिबंधीय वर्षावनात पहिल्यांदाच जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲमेझॉन, काँगोचं खोरं, बोर्निओ, न्यू गिनी, मादागास्कर, ईशान्य ऑस्ट्रेलिया. या जंगलांतली झाडं वेगळी, प्राणी वेगळे. पण तिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाला पडणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

पहिल्या दिवशी आम्हाला काहीच दिसलं नाही. जंगल रिकामं होतं की आमचं काही चुकलं?

दोन्ही नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि बरेच जण तो थोड्या निराशेनेच विचारतात. माहितीपटांत दिसणारं जंगल महिनोन् महिने बसून टिपलेलं असतं. आपण मात्र चार तास चालतो, तेही गप्पा मारत, पाऊलवाटेवर नजर ठेवून.

शिवाय वर्षावनातलं बरंचसं जीवन जमिनीवर नसतंच. ऊन, पानं, फुलं, फळं सगळं 30 ते 45 मीटर उंचीवरच्या पर्णछतात असतं, म्हणून माकडं, पक्षी, कीटक आणि झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतीही तिथेच असतात. आपण तळाशी उभे असतो आणि मध्ये पानांचे कित्येक थर असतात. मोठे प्राणी संख्येने कमी आणि दूरदूर विखुरलेले असतात, आणि आपली चाहूल त्यांना आपल्या कितीतरी आधी लागते. जे प्राणी खरोखर जवळ असतात ते दिसू नयेत अशाच रंगरूपाचे असतात: वाळक्या पानासारखा टोळ, सालीसारखा पतंग, काटकीसारखा काडीकिडा.

यावर माझ्या अनुभवाचा एकच उपाय आहे: थांबा. एखादी जागा निवडा, बसण्याआधी खाली नीट पाहून घ्या आणि वीस मिनिटं न बोलता, न हलता बसा. तुमच्या येण्याने गप्प झालेले पक्षी थोड्या वेळाने पुन्हा बोलू लागतात. मग पालापाचोळ्यात हालचाल दिसते, शेजारच्या खोडावर सरडा आहे हे कळतं, वर फांदी हलते आणि पाठोपाठ अर्धवट खाल्लेलं फळ खाली पडतं. आठ किलोमीटर चालून जे दिसत नाही ते अनेकदा आठ मीटरच्या परिसरात दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने वाघ, जग्वार, गोरिला यांची यादी मनात धरून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ते दिसले तर आनंदच आहे, पण त्या यादीपायी समोरचं सगळं सुटतं.

आत शिरताच सगळ्यात आधी काय जाणवतं?

अंधार. बाहेर लख्ख ऊन असलं तरी वर्षावनाच्या जमिनीपर्यंत त्यातला जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश पोहोचतो. डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. त्यानंतर हिरव्या रंगाच्या छटा वेगळ्या दिसू लागतात, आणि मधूनच जमिनीवर पडलेला उन्हाचा कवडसा किती मोलाचा आहे हे कळतं. तळाशी वाढणारी कित्येक रोपटी अशाच सरकत्या कवडशांवर जगतात.

दुसरी जाणवते ती हवा. तापमान फार नसतं. दिवसा साधारण तिशीच्या आसपास, आणि झाडांखाली उघड्या जागेपेक्षा थोडं कमीच. पण हवेतली आर्द्रता इतकी असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे सपाट वाटेवरही लवकर दम लागतो. पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्म्याच वेगाने चाला आणि तहान लागण्याआधीच पाणी पीत राहा. घामासोबत क्षारही जातात, म्हणून ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या.

तिसरा येतो वास. ओली माती, कुजणारी पानं, बुरशी, कुठून तरी येणारा पिकल्या फळाचा आंबूस वास. ओल्या मातीचा जो ओळखीचा सुगंध आहे तो मुख्यतः जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते मातीतले जीवाणू तयार करतात.

कोयत्याने वाट काढत जावं लागतं का?

क्वचितच. नदीतून किंवा रस्त्यावरून पाहिलं तर जंगल हिरव्या भिंतीसारखं दिसतं, कारण कडेला भरपूर ऊन मिळतं आणि तिथे वेली आणि झुडपं दाटीवाटीने वाढतात. जुन्या जंगलाच्या आत शिरलात की चित्र बदलतं. तळाशी ऊन नसल्याने झुडपं विरळ असतात, खोडांमधून बरंच दूरवर दिसतं आणि चालणं अपेक्षेपेक्षा सोपं जातं. आत कुठे अचानक दाट झाडोरा लागला तर वर पाहा. तिथे एखादं मोठं झाड कोसळलेलं असतं, आकाश उघडं पडलेलं असतं आणि त्या उजेडासाठी नव्या झाडांची चढाओढ चाललेली असते.

सगळी झाडं एकसारखीच का दिसतात?

एकसारखी दिसतात, पण असतात अगदी उलट. पनामातल्या बारो कोलोरादो बेटावर 50 हेक्टर जंगलातल्या प्रत्येक झाडाची नोंद 1980च्या दशकापासून ठेवली जाते, आणि तेवढ्या तुकड्यात सुमारे 300 प्रकारची झाडं आहेत. बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधल्या लाम्बीर टेकड्यांवर जवळपास तेवढ्याच जागेत सुमारे 1,200 प्रकार सापडले. ॲमेझॉनमध्ये एकूण 16,000 च्या आसपास जाती असाव्यात असा 2013 मधला अंदाज आहे. एखादं झाड आवडलं आणि तसंच दुसरं शोधायला गेलात तर बराच वेळ फिरावं लागतं.

असं का होतं याचं एक सुंदर स्पष्टीकरण डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल यांनी 1970–71 च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलं. प्रत्येक झाडाचे स्वतःचे खास शत्रू असतात: त्याच्या बिया पोखरणारे भुंगे, त्याच्या रोपांवर येणाऱ्या बुरश्या. हे शत्रू मोठ्या झाडाच्या आसपास जास्त असतात, म्हणून त्याच्या पायथ्याशी रुजलेली त्याचीच पिल्लं बहुधा मरतात. आईपासून दूर पडलेलं बी वाचतं, आणि मधली जागा दुसऱ्या जातींना मिळते.

फरक ओळखायला पानांपासून सुरुवात करू नका, ती फार उंच असतात. खोडाकडे पाहा. कुठे साल गुळगुळीत, कुठे खवल्याखवल्यांची, कुठे काटेरी, कुठे तांबडी. खोडावर छोटासा ओरखडा असेल तर चीक कोणत्या रंगाचा आहे ते पाहा (ओरखडा स्वतः काढू नका). बुंध्याशी उभ्या फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं तर पहिल्या भेटीत प्रत्येकाला थांबवतात, काहींची उंची माणसापेक्षाही जास्त असते. आणि हाताजवळची पानं दिसली की त्यांची टोकं बघा. निरनिराळ्या कुळांतल्या झाडांची पानं शेवटी निमुळती आणि टोकदार झालेली दिसतील, पाणी चटकन निथळावं म्हणून.

एवढे प्रचंड वृक्ष, म्हणजे माती फार सुपीक असणार ना?

बहुतेक ठिकाणी नाही. बोर्निओतल्या दानुम खोऱ्यात 100 मीटरहून उंच मेरांटी वृक्ष मोजला गेला आहे. असली झाडं पाहून माती सोन्यासारखी असेल असं वाटणं स्वाभाविक आहे. पण सततच्या पावसाने मातीतली पोषकद्रव्यं वाहून जातात. जंगलाची संपत्ती जमिनीत फारशी नसते, ती झाडांच्याच अंगात असते. पान गळतं, उष्णतेत आणि ओलाव्यात बुरश्या आणि वाळवी ते झपाट्याने कुजवतात, आणि वरच्या पातळ थरात पसरलेली मुळं बुरशीच्या धाग्यांच्या मदतीने ती पोषकद्रव्यं लगेच परत घेतात. पायाखालचा पाचोळा हाताने (काडीने बरं) थोडा बाजूला करून पाहिलात तर पांढऱ्या धाग्यांचं हे जाळं दिसेल.

यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे सहाराची धूळ. वाऱ्यावर स्वार होऊन ती अटलांटिक ओलांडते आणि ॲमेझॉनवर पडते. तिच्यातून दरवर्षी सुमारे 22,000 टन फॉस्फरस येतो असा नासाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये काढलेला अंदाज आहे, आणि पावसापुरात जेवढा वाहून जातो जवळपास तेवढाच तो आहे. जंगल तोडून शेती केली की काही वर्षांतच जमीन का थकते हेही यावरून कळतं.

फुलं कुठे आहेत?

वर. वाटेवर पाकळ्यांचा सडा दिसला की मान वर करा. दुर्बीण असेल तर उत्तमच. काही झाडं मात्र थेट खोडावर फुलतात आणि फळतात, कोको आणि फणस ही त्यातली ओळखीची उदाहरणं. आग्नेय आशियातले मेरांटीच्या कुळातले वृक्ष कित्येक वर्षांच्या अनियमित अंतराने, एकाच हंगामात सगळे मिळून बहरतात, त्यामुळे तो बहर गाठणं निव्वळ नशिबाचं. लांबून फुलांसारखा दिसणारा लाल-गुलाबी झुबका जवळ गेल्यावर कोवळी पालवी निघतो, हेही नेहमीचं.

रात्रंदिवस इतका आवाज कशाचा?

वर्षावन आधी कानांनी कळतं. पहाटे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात होलर माकडं ओरडतात. त्यांच्या गळ्यातलं एक हाड पोकळ आणि मोठं झालेलं असतं, आणि तो घुमणारा आवाज अनुकूल हवेत पाच किलोमीटरवरही ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो एखाद्या महाकाय श्वापदाचा वाटतो. आग्नेय आशियात त्याच वेळी गिबन नावाची वानरं गातात. बऱ्याच जातींत नर-मादी मिळून गातात, आणि चढत जाणारी ती लांब तान एकदा ऐकली की विसरता येत नाही.

दुपारी शांतता पसरते. पक्षीही गप्प असतात, तेव्हा विश्रांती घ्या. संध्याकाळी सिकाडा हे मोठ्याने किरकिरणारे कीटक सुरू होतात. मलेशिया आणि बोर्निओत एक मोठा सिकाडा रोज सहाच्या सुमारास कर्कश सूर लावतो, म्हणून त्याला ‘सहाचा सिकाडा’ असंच म्हणतात. अंधार पडल्यावर बेडूक आणि रातकिडे ताबा घेतात. पहिल्या रात्री या कोलाहलात झोप येत नाही, आणि दोन-तीन रात्रींनंतर त्याच्याशिवाय येत नाही.

आवाज वेगळे ओळखायची सवय लावायची असेल तर डोळे मिटून एकेका आवाजाची फक्त दिशा आणि उंची ठरवा. नाव नंतर गाईडला विचारा.

पाऊस आला तर काय करायचं?

भिजायचं. वर्षाला 2,000 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो म्हणूनच हे जंगल आहे. सर आली की आधी वर पानांवरचा आवाज येतो, पाणी खाली पोहोचायला काही मिनिटं लागतात, आणि पाऊस थांबल्यावरही झाडं बराच वेळ ठिबकत राहतात. रेनकोटमध्ये घामानेच भिजायला होतं, त्यामुळे पुष्कळ जण साधा पोंचो किंवा छत्री पसंत करतात. सामान मात्र ड्राय बॅगमध्ये हवंच.

पावसाबरोबर वारा सुटला तर प्रश्न गंभीर होतो. उथळ मुळांची झाडं आणि वाळलेल्या फांद्या अशाच वेळी कोसळतात. तंबू ठोकण्याआधी अनुभवी गाईड जमिनीआधी वर पाहतात ते याचसाठी. ओढ्याला अचानक पाणी वाढलं असेल तर तो ओलांडू नका, उतरण्याची वाट पाहा.

कोरड्या हंगामात चालणं सोपं असतं, पण पुराचा हंगामही टाळण्यासारखा नाही. मध्य ॲमेझॉनमध्ये नद्यांची पातळी वर्षभरात 10 मीटरच्या आसपास वरखाली होते, आणि पुरात होडी चक्क झाडांच्या शेंड्यांमधून जाते.

जळवांचं काय?

दक्षिण आणि आग्नेय आशिया, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया इथल्या ओल्या जंगलांत जमिनीवरच्या जळवा भरपूर असतात. चावल्याचं कळतही नाही. जळूच्या लाळेतल्या द्रव्यामुळे रक्त गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते आणि मोजे लाल झालेले पाहून लोक घाबरतात. धोका सहसा काही नसतो. तिच्या निमुळत्या, तोंडाकडच्या टोकाखाली नख सरकवून ती सोडवा, मग दुसरं टोक. जाळू नका, मीठ टाकू नका, कारण तसं केल्याने तिच्या पोटातलं जखमेत ओकलं जाण्याची शक्यता असते. जखम धुऊन दाबून धरा. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळू-मोजे पँटवरून चढवले की निम्मी काळजी मिटते.

साप, कोळी, विषारी बेडूक यांची भीती किती बाळगावी?

सावधगिरी हवी, धास्ती नको. पुष्कळ प्रवाशांना अख्ख्या मुक्कामात एकही साप दिसत नाही. न पाहता कुठेही हात ठेवू नका, हा नियम पाळला की बरेच प्रसंग टळतात. घसरताना आधारासाठी पकडलेलं खोड काटेरी ताडाचं असू शकतं किंवा मुंग्यांनी भरलेलं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली बुलेट मुंगी तर तिच्या डंखाच्या वेदनेसाठीच ओळखली जाते. बूट घालण्याआधी झटका. आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून थेट पलीकडे पाय टाकण्याऐवजी त्याच्यावर उभं राहून पलीकडे पाहा.

प्रत्यक्षात प्रवाशांना जास्त त्रास होतो तो डास, उष्मा, निसरडी वाट आणि वाट चुकणं यांचा.

वाट चुकली तर?

कळताक्षणी थांबा. दाट झाडीत सूर्य दिसत नाही, खुणेचा डोंगर दिसत नाही, आणि फोनचा जीपीएसही कधी कधी चाचपडतो. वाटेपासून वीस पावलं आत गेलं तरी ती दिसेनाशी होते. थांबून शिट्टी वाजवा, तीन-तीनदा, मध्ये थांबून उत्तर ऐका. विषुववृत्ताजवळ वर्षभर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, आणि झाडांखाली त्याच्याही आधी काळोख होतो. दिवसाच्या फेरीलाही हेडलॅम्प बरोबर असावा तो यासाठीच. पहिल्या वेळी गाईडशिवाय जाऊ नका.

कपडे आणि बूट कोणते?

सैल, लांब बाह्यांचे, पटकन वाळणारे. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. चिखलाच्या जंगलात गमबूट महागड्या ट्रेकिंग बुटांपेक्षा सरस ठरतात. एक जोडी चालण्यासाठी ठेवा, ती ओलीच राहणार हे मान्य करा. दुसरी कोरडी जोडी फक्त झोपण्यासाठी, आणि कितीही मोह झाला तरी ती चालताना घालू नका.

कॅमेरा टिकेल का?

वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढू नका, काचेवर बाष्प धरतं. रात्री सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्समध्ये बुरशी येते. डासांच्या डीटयुक्त मलमाचे हात लावू नका, त्याने प्लास्टिक खराब होतं.

रात्री जंगलात जाणं योग्य आहे का?

माहीतगार गाईड असेल तर नक्की जा. दिवसा काहीच दिसलं नाही म्हणणाऱ्यांना मी आधी हेच सुचवेन. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा. प्राण्यांच्या डोळ्यांतून उजेड परत येतो, आणि पाचोळ्यात चमकणारे हिरवट ठिपके हे कोळ्यांचे डोळे आहेत हे पहिल्यांदा कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. दिवसभर पानामागे दडलेले काडीकिडे उघड्यावर खात बसलेले असतात. सरडे आणि छोटे पक्षी बारीक फांदीच्या अगदी टोकाला झोपलेले दिसतात, कारण कुणी शिकारी आलाच तर फांदी हलून जाग येते. झोपलेल्यांवर उजेड क्षणभरच टाका.

मग सगळ्यांनी एकदम टॉर्च विझवा. काही जंगलांत कुजक्या लाकडावरची बुरशी फिकट हिरवी चमकताना दिसते. झटपट काढलेल्या फोटोत ती नीट उतरत नाही, म्हणून त्यासाठी डोळेच वापरा.

पर्णछत जवळून पाहता येतं का?

झुलत्या पुलांवरून येतं. मलेशियातल्या तामान नेगारा आणि घानातल्या काकुम राष्ट्रीय उद्यानातले पूल प्रसिद्ध आहेत. पहाटे जा. खालून जी केवळ हिरवी सावली वाटत होती, तिच्यात ऑर्किड, नेचे, शेवाळ, पाणी साठवणारी झाडं असं दुसरंच जंगल वस्तीला असलेलं दिसतं.

हे जंगल माणसाने कधी न शिवलेलं असतं का?

तसं मानणं तिथे राहणाऱ्यांवर अन्याय आहे. ॲमेझॉनमध्ये कोळसा, हाडं आणि खापरांचे तुकडे मिसळलेली काळी, कसदार माती जागोजागी सापडते. ती युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या माणसांनी तयार केली. आजही लक्षावधी लोकांचं घर या जंगलांत आहे. वस्तीत बोलावल्याशिवाय जाऊ नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि गाईड शक्यतो त्याच परिसरातला घ्या. तो जे दाखवेल ते त्याने लहानपणापासून वापरलेलं, ऐकलेलं असतं.

आपल्या जाण्याने जंगलाला त्रास होतो का?

होऊ शकतो. गोरिला आणि ओरांगउटान यांना आपली सर्दीही जीवघेणी ठरू शकते, म्हणून आजारी असाल तर त्यांच्याजवळ जाऊच नका. बेडकांना हात लावू नका, त्यांची त्वचा आपल्या हातावरची रसायनं शोषून घेते. कायट्रिड बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत आणि ती चिखलातूनही पसरते, तेव्हा एका जंगलातून दुसऱ्यात जाण्याआधी बूट घासून धुऊन कोरडे करा. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. तो प्रतिस्पर्धी समजून घरटं सोडून येतो.

लसी आणि औषधं?

निघण्याच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा. पीतज्वराचा (यलो फीवरचा) धोका आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत आहे, आशियात नाही. ही लस किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, आणि 2016 पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य आहे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या ठिकाणानुसार बदलतात, आणि परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्या लागतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.

परतल्यावर ताप आला तर?

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कुठे, कधी गेला होतात ते त्यांनी विचारण्याआधीच सांगा. मलेरिया काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनीही उफाळतो, आणि तोवर प्रवासाचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्षभरात कधीही ताप आला तरी हे सांगायचंच, आणि रक्ततपासणी पहिल्यांदा नकारात्मक आली पण ताप राहिला तर ती पुन्हा करून घ्यायची.